कचारगड आणि पवनी : तुलनेचे निकष

दिनांक 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. तोपर्यंत सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा आणि वैनगंगेकाठचे पवनी येथील स्तूप ही दोन्ही वारसास्थळे एकाच जिल्ह्यात होती. साहजिकच त्यांची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु ही तुलना कोणत्या निकषांवर करावयाची, याचा विचार फारसा होत नाही. 'गुहा आहे, म्हणजे लेणे आहे. लेणे आहे, म्हणजे ते बौद्धांचेच' अशी अनुमानाची साखळी आपल्यातील काही उत्साही बांधव मांडतात. तिचे परीक्षण करणे अगत्याचे आहे.

या अनुमानास विनयपिटकाचा आधार दाखविता येतो. चुल्लवग्गात भगवंतांनी विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा अशा पाच निवासांना अनुमती दिली आहे. स्थविर महाकस्सप राजगृहाजवळच्या पिप्फली गुहेत राहत होते, असा उल्लेख संयुत्तनिकायात आहे. परंतु भिक्खूने गुहेत राहावयास हरकत नाही, हा एक नियम झाला. प्रत्येक गुहेत भिक्खू राहिलाच होता, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्यासाठी कातलेली खोली, दगडी बाक, पाण्याचे टाके, शिलालेख असा काही ठोस पुरावा लागतो.

पवनीला असा पुरावा आहे. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी 1969-70 मध्ये केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीखालून विटांचा भव्य स्तूप उजेडात आला. त्याभोवती पुढे दगडी वेदिका उभारली गेली आणि तिच्या अवशेषांवर दात्यांचे लेख आहेत. विसमिता हिने आपले दान सर्व सत्त्वांच्या सुखासाठी दिले आहे. दुसऱ्या एका लेखात पाचही निकाय जाणणाऱ्या 'पंचनेकायिक' नागाचे नाव येते. एका स्तंभावर मुचलिंद नाग आपल्या नावासह कोरलेला आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात ज्या नागलोकांच्या धम्मकार्याचे स्मरण केले, त्यांचा विचार करताना हे शिल्प विशेष बोलके ठरते.

कचारगडचे स्वरूप मुळातच निराळे आहे. तेथील भव्य गुहा कोणा कारागिराने कातलेली नसून निसर्गाने घडविलेली आहे. तेथे दात्यांची नावे नाहीत. जे आहे ते गोंडी कथागीतांच्या मौखिक परंपरेत आहे. कली कंकालीच्या बालकांना या गुहेत कोंडून ठेवले होते. जंगो रायतार त्यांच्यासाठी व्याकूळ झाली. पहांदी पारी कुपार लिंगोने हिरासुका पाटारीच्या संगीताच्या साह्याने गुहेवरील शिळा दूर केली, आणि त्यात हिरासुकाने प्राण गमावले. कोया पुनेमच्या अनुयायांसाठी हा त्यांच्या सगा-व्यवस्थेचा उगम होय. 1980 च्या दशकापासून डॉ. मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांमुळे माघ पौर्णिमेच्या यात्रेला व्यापक रूप आले.

स्थापत्याच्या मोजपट्टीने पाहिले तर पवनी 'समृद्ध' आणि कचारगड 'रिकामे' दिसेल. तो दोष स्थळाचा नसून मोजपट्टीचा आहे. पवनीची स्मृती विटेत आणि अक्षरांत साठविली गेली. कचारगडची स्मृती गायकाच्या कंठात आणि यात्रेकरूंच्या पावलांत आहे. एकीचे वाचन लिपितज्ज्ञ करू शकतो, दुसरीसाठी गोंडी भाषेच्या जाणकारापुढे शिष्य म्हणून बसावे लागते.

येथे आपल्या नैतिक भूमिकेचाही प्रश्न आहे. पवनीचा स्तूप शतकानुशतके जगन्नाथाच्या मंदिराखाली अबोल राहिला. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरा देवीचे मंदिर उभे आहे. आपल्या वारशावर दुसऱ्याचे नाव चढले की काय वाटते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. मग ज्या गुहेत गोंड समाज आपला आदिगुरू पाहतो, तिच्यावर पुराव्यावाचून 'बौद्ध लेणे' अशी पाटी लावणे हे त्याच अन्यायाची पुनरावृत्ती करणे नव्हे काय?

शिवाय अशा दाव्याने धम्माचे काहीच वाढत नाही. उलट एक निराधार दावा दहा साधार दाव्यांची विश्वासार्हता घटवितो, आणि पवनीसारख्या निर्विवाद स्थळाविषयीही शंका घेण्यास विरोधकांना वाव मिळतो. कालामांना भगवंतांनी सांगितले की, केवळ परंपरेने वा तर्काने पटते म्हणून काही स्वीकारू नये. हा उपदेश आपल्याला प्रिय असलेल्या मतांनाही लागू आहे. पवनीवर आपला हक्क पुराव्याने सिद्ध आहे. तो ठामपणे मांडावा. कचारगडला मात्र पाहुणे म्हणून जावे, तेथील कथा ऐकावी आणि 'सेवा जोहार' म्हणून परतावे.