‘छळ’ या संज्ञेचे अपुरेपण

कामाच्या ठिकाणी स्त्रियांना होणाऱ्या उपद्रवाविरुद्ध २०१३ साली जो अधिनियम झाला, त्याच्या मराठी परिभाषेत ‘लैंगिक छळ’ ही संज्ञा मध्यवर्ती आहे. ती अधिनियमाचा आशय पुरतेपणी व्यक्त करते काय, एवढाच प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

‘विनयभंग’ या जुन्या संज्ञेहून ती सरस आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ‘विनयभंगा’त अपराधाचे माप स्त्रीच्या विनयावरून घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निर्णयात हा प्रश्न समानतेच्या मूलभूत हक्काचा ठरविला.

परंतु मराठीत ‘छळ’ म्हटले की सासरचा छळ आठवतो : निर्दय, दीर्घकाळचा, पुनःपुन्हा होणारा. एकदाच कोणी हात धरला, तर त्यास आपण छळ म्हणत नाही. अधिनियमाच्या कलम २ नुसार मात्र तशी एकच नकोशी कृतीही पुरेशी आहे. म्हणजे शब्दाची मर्यादा संपते तेथून कायदा पुढे गेलेला आहे. आणि भिंतीवरचा फलक वाचणाऱ्या स्त्रीस ते कळावयास मार्ग नाही.

भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत हा प्रश्न अधिक जाणवावा. एखाद्या दुकानात वा खाणावळीत दहापेक्षा कमी माणसे कामास असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याने ती सात दिवसांत तेथे पोहोचवावयाची असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत व लेखी हवी. जिला लिहिता येत नाही तिला साहाय्य करणे समितीवर बंधनकारक आहे.

खरा धोका या साहाय्यातच आहे. स्त्री सांगते, ‘त्यानं हात धरला.’ कागदावर उतरते, ‘असभ्य वर्तन केले.’ पहिल्या वाक्यात कृती आहे. दुसऱ्यात तिच्याविषयीचे लेखनिकाचे मत. चौकशी व्हावयाची ती कृतीची, विशेषणाची नव्हे.

संज्ञा आता रूढ झाली आहे. ती बदलावी, असे म्हणणे नाही. मात्र फलकावर तिच्याखाली ‘एकदा घडले तरी’ हे तीन शब्द असावेत, आणि तक्रार बोलणारीच्या शब्दांत लिहून घ्यावी. या दोन तालुक्यांतील स्त्रिया नकोशा वर्तनासाठी कोणते शब्द योजतात, याची नोंद आपल्या अभ्यासकांनी केल्यास समितीसही तिचा उपयोग होईल.