कानाचा नकाशा, पिंपळीहून पाहिलेला

बारामतीजवळच्या पिंपळीत शिक्षकांशी गप्पा चालल्या असताना एका बाईंनी आम्हांला विचारले, "घरात सगळ्यांना नीट ऐकू येतं, मग मूल जन्मतः बहिरं कसं?" उत्तर फळ्यावर देता येते. आईवडिलांकडे एकाच जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असते आणि मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या येतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जिथे आहे, तिथे हा योग अधिक वेळा जुळतो. पण त्या दिवशी आम्ही संगणक उघडून 'गिअर' हे संकेतस्थळ दाखवले. (नावातच 'इअर' म्हणजे कान दडला आहे!)

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात रोना हर्ट्झानो व सहकाऱ्यांनी ते उभारले. २०२१ साली 'नेचर मेथड्स'मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. श्रवण आणि तोल यांवर निरनिराळ्या प्रयोगशाळांनी केलेली मोजमापे तिथे एकत्र आहेत. जनुकाचे नाव लिहिले की ते कोणत्या पेशीत किती काम करते, हे चित्रात रंगाने दिसते. ही सोय लहान नव्हे. एका कानातील शंखासारख्या नळीत ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी असतात जेमतेम पंधरा हजार, आणि त्याही कवटीच्या अतिशय कठीण हाडात दडलेल्या. इतक्या कष्टाने मिळालेले आकडे एरवी शोधनिबंधाच्या पुरवणीत पडून राहतात.

आम्ही 'जीजेबी-२' लिहिले. बहिरेपणाशी त्याचा संबंध १९९७ साली उघड झाला. शिक्षकांचा अंदाज होता की केसपेशी गडद होतील. त्या फिक्याच राहिल्या आणि शेजारच्या आधारपेशी रंगल्या! हे जनुक कनेक्सिन-२६ नावाचे प्रथिन बनवते, त्यापासून लगतच्या पेशींना जोडणारे बोगदे तयार होतात. म्हणजे ऐकणारी पेशी एक, आणि बिघाड तिच्या शेजाऱ्यांत. मग 'ओटीओएफ' लिहिले, तर केसपेशी गडद झाल्या. दहावीच्या आनुवंशिकतेच्या पाठासाठी याहून चांगली जोडी आम्हांला माहीत नाही.

मात्र जपून. दोन वेगळ्या प्रयोगांतील गडदपणाची थेट तुलना करू नये. मोजण्याच्या रीती वेगळ्या असतात. शिवाय जिवंत माणसाच्या अंतर्कर्णाचा तुकडा काढता येत नाही, म्हणून बरीचशी चित्रे उंदराची आहेत. उंदराच्या पिल्लाला जन्मानंतर साधारण बाराव्या दिवशी ऐकू येऊ लागते, माणसाच्या बाळाला गर्भातच. चित्राखालचे वय न वाचता निष्कर्ष काढणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत, आणि ते शाळेतले नव्हते.

आमची खरी तक्रार पुढे आहे. बाईंनी विचारले, "आपल्याकडच्या मुलांत नेमकी चूक कोणती?" याचे उत्तर 'गिअर' देत नाही, ते त्याचे कामही नाही. आयोवा विद्यापीठाची बहिरेपणाच्या जनुकीय बदलांची वेगळी सूची आहे. पण अशा सूचीत ज्यांची तपासणी झाली त्यांचेच बदल येणार. युरोपीय वंशाच्या लोकांत जीजेबी-२ मधील एक अक्षर गळलेले अधिक आढळते. भारतात, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनुसार, २४व्या जागी 'थांबा' अशी खूण येणे अधिक आढळते. २२६ अमिनो आम्लांचे प्रथिन २३वरच तुटते. केवळ तिकडची चूक शोधणारी चाचणी इथे आणली, तर आपली मुले 'निर्दोष' ठरतील आणि 'हिने ग्रहण पाळलं नाही' हा ठपका आईवर तसाच राहील.

तेव्हा आपली माहितीही या भांडारांत जायला हवी. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणा तपासला जातो. पुढची जनुकीय चाचणी कुटुंबाच्या संमतीने जोडता येईल. नाव झाकून, अर्थात. हे आम्ही म्हणताच एक गुरुजी हसले. गावात बहिरे मूल एकच असेल, तर नाव झाकून काय झाकले? त्यांचे बरोबर होते. गाव आणि जन्मतारीख लिहूच नये, फार तर जिल्हा लिहावा, असे आम्ही त्यांना सांगितले.