मेटमधला गोठा : थोडे कौतुक, थोडी कुरकुर

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधले नाताळचे झाड आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. वीसएक फुटांचे झाड, त्यावर तरंगणारे देवदूत आणि पायथ्याशी ख्रिस्तजन्माचा देखावा, म्हणजे आपले वसईकर ज्याला गोठा म्हणतात तो! बाहुल्या १८व्या शतकातल्या, नेपल्सच्या कारागिरांनी घडवलेल्या. डोकी भाजलेल्या मातीची, हातपाय लाकडाचे.

लॉरेटा हाइन्स हॉवर्ड यांनी १९२५ पासून त्या जमवल्या आणि १९६४ पासून दोनशेहून अधिक बाहुल्या म्युझियमला मिळाल्या. पुढे मांडणीत त्यांची लेक आणि नातही रमल्या.

मला मात्र झाडावरचे देवदूत जरा जास्तच वाटतात. ते नजर वर खेचून घेतात आणि या कलेचा खरा जीव तर खाली आहे. मेंढपाळ, शेतकरी, आपापल्या कामात गढलेली साधी माणसे! बेथलेहेमची गोष्ट सांगताना कारागिरांनी आपलेच नेपल्स मांडले. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांच्या सिंहासनाखाली आपण गवळण आणि भाजीवाली ठेवतो, त्यातलीच ही गंमत.

दुसरे असे, की म्युझियममध्ये हात लावता येत नाही. ते योग्यच आहे; पण ‘हे मेंढरू इथे का?’ यावर भांडल्याशिवाय पोरांना देखावा आपला वाटत नाही. हॉवर्ड कुटुंबातही ही हौस हाताळूनच टिकली. तेव्हा मुलांना मेटला जरूर न्या, खाली वाकून माणसे दाखवा. आणि शेजारच्या घरी गोठा मांडत असतील, तर मदतीलाही पाठवा. दिवाळीत शेजारची मुले आपल्या किल्ल्याला माती लावायला येतील.