एम. ए. चा अभ्यास आणि खरे यांचा लेखसंग्रह

कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस राहून पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रें ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें सन १८९७ पासून छापण्यास आरंभ केला. सातारा-सांगलीकडील इतिहासाच्या एम. ए. च्या विद्यार्थ्यांस हा घरचाच ग्रंथ होय. त्याच्या योग्यतेविषयीं दुमत नाहीं. प्रश्न आहे तो वापराचा. शास्त्रीबोवांनीं पत्रांस जोडलेली हकीकत इतकी सुसंगत आहे कीं, विद्यार्थी तीच पुरावा समजून उतरून घेतो आणि पत्र वाचावयाचें राहून जातें. हकीकत हें संपादकाचें अनुमान. पत्र हा साक्षी. त्यांतही छापील पत्र म्हणजे मोडीचें बाळबोध रूप. हस्ताक्षर, शिक्का व कागद यांची परीक्षा मुळावरूनच व्हावयाची. तें मूळ नेहमीं जवळ सांपडतें असें नाहीं. साताऱ्याचा पारसनिसी संग्रह सन १९३९ मध्यें पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. तथापि तेवढा प्रवास करणें प्राप्त आहे. ज्या प्रबंधकारानें एकही मोडी कागद स्वतः लावून वाचला नाहीं, त्यास पदवी मिळेल. संशोधक ही संज्ञा मात्र आम्ही देणार नाहीं. संग्राहकांनींही आपलीं दप्तरें अशा होतकरूंस मोकळ्या मनानें दाखवावीं.