सुगीची चित्रे आणि आमचा सरवा

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) जाधववाडी मोंढ्यात धान्य येते ते पोत्यात बंद होऊन. ते कापणारा हात तिथे दिसत नाही. चित्रकारांनी तो हात पाहिला काय, आणि पाहिला तर कसा, हा आमचा प्रश्न आहे.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आर्ल्सजवळच्या ला क्रो मैदानातील सुगी रंगवली. गंज्या, गाड्या, दूरवर राबणारी माणसे, सारे उन्हात न्हालेले. पुढच्याच वर्षी सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना त्याने गहू कापणारा एकटा मजूर रंगवला. त्या मजुरात त्याला मृत्यूचे रूप दिसले. पण हा मृत्यू दुःखाचा नाही, लख्ख उजेडातला आहे, असे त्याने भावाला कळवले. चित्र थोर आहे, यात शंका नाही. मात्र त्यात मजुराचे प्रतीक झाले आणि त्याचे घरदार चित्राबाहेर राहिले. त्याच्या आधी, १८५७ मध्ये, मिलेने सरवा वेचणाऱ्या तीन बाया रंगवल्या होत्या. त्यांच्या वाकलेल्या पाठी पाहताना आम्हाला प्रतीक आठवत नाही, कंबरदुखी आठवते.

पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन या वाटेवर कुठे उभे आहेत? त्यांच्या ‘ग्रामयात्रा’ (१९५४) या चित्रात तेरा चौकटी आहेत. दळण, मुलांची निगा, गाडीतला प्रवास. म्हणजे सुगीनंतर धान्य घरात येते तेव्हाचे जग, आणि ते मुख्यतः बायांचे. एका चौकटीतल्या शेतकऱ्याचा हात शेजारच्या चौकटीत शिरून तिथली भूमी तोलून धरतो. जाड रेषेत बांधलेले रंग पाहून युरोप आठवतो खरा. पण १९४८ मध्ये दिल्लीत पाहिलेली मथुरेची शिल्पे आणि बसोलीची लघुचित्रेही तिथे आहेत.

तरीही एक तक्रार नोंदवलीच पाहिजे. ‘जमीन’ला १९५५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या दोनच वर्षे आधी बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ने कर्जापायी शेत गमावणारा शेतकरी दाखवला होता. हुसेनांच्या चित्रात जमिनीचा उत्सव आहे, सावकार नाही. मराठवाड्यातल्या वाचकाला ही उणीव जाणवल्यावाचून राहणार नाही.

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ‘ग्रामयात्रा’ सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. २०११ मध्ये लंडनमध्ये, देशाबाहेर, मरण पावलेल्या या चित्रकाराचा आम्हाला अभिमान वाटला. पण आमच्यापैकी किती जणांनी त्या तेरा चौकटी नीट पाहिल्या?

आमच्या खेड्यांतली भूमिहीन मुस्लिम कुटुंबेही सुगीत मजुरीला जातात, शेजारणींच्या बरोबरीने सोंगणी करतात, सरवा वेचतात. त्यांचे चित्र अजून आमच्या पाहण्यात नाही. आमच्या तरुण चित्रकारांनी आणि कथाकारांनीही मोंढ्यातून उलट चालत त्या शेतापर्यंत जावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.