साठवणीतील कंदांची प्रथिने : मापनाविषयी काही आक्षेप

बटाटा व रताळे यांच्या साठवणीवरील निबंधांत एक निष्कर्ष वारंवार आढळतो, तो असा की साठवणीने प्रथिनांत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. क्वचित प्रथिने वाढल्याचेही नमूद असते. या दोन्ही विधानांच्या मुळाशी कंदाचा गुणधर्म नसून मापनाची रीत आहे, असे आमचे मत आहे.

केल्डाल यांनी १८८३ साली दिलेल्या पद्धतीने नत्र मोजावयाचे व त्यास ६.२५ ने गुणावयाचे, ही ती रीत. धान्याच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी निभावते. बटाट्यातील जवळजवळ निम्मे नत्र मात्र प्रथिनांत नसून ॲस्परजिनासारख्या सुट्या द्रव्यांत असते. मोड येऊ लागले की बटाट्याचे मुख्य संचित प्रथिन, म्हणजे १९८० साली रॅक्युसेन व फूट यांनी ज्यास पॅटॅटिन हे नाव दिले ते, विघटित होऊन कोंबाच्या पोषणास लागते. नत्र मात्र कंद व कोंब मिळून तितकेच राहते. केल्डालच्या चंबूस हा पालट दिसणार कसा? विद्युत्‌संचरणाने प्रथिने वेगळी केल्याखेरीज तो कळावयाचा नाही.

वाढीचा उलगडा त्याहून सोपा आहे. १०० ग्रॅम बटाट्यात २ ग्रॅम प्रथिन असून १० ग्रॅम पाणी उडाले, तर शेकडा प्रमाण २.२ होते, कंदात भर कणभरही पडलेली नसते. शुष्क वजनावर हिशेब केला तरी दोष पुरता जात नाही, कारण श्वसनात पिष्ट खर्च होतच असते. मूळ वजनाचा आधार घेणे हाच मार्ग.

रताळ्याचे (ते खरे पाहता मूळ आहे, बटाट्यासारखे खोड नव्हे) प्रकरण निराळे आहे. त्यातील स्पोरॅमिन हे विद्राव्य प्रथिनांचा बहुतांश असून ट्रिप्सिनाचे कार्य रोखते. तेव्हा त्याची घट म्हणजे निव्वळ हानी, असे मानता येत नाही. शिवाय सुमारे १२ अंश सेंटिग्रेडखाली रताळ्यास शीतबाधा होते. बटाट्याच्या शीतगृहाचे नियम त्यास लावणे चूक आहे. बटाट्यासही थंडी सर्वस्वी मानवते असे नाही : ४ अंशांवर त्यात शर्करा वाढते, आणि तळताना ती ॲस्परजिनाशी संयोग पावून ॲक्रिलामाइड उपजते, हे २००२ पासून ज्ञात आहे. उपवासाच्या वेफरांची एवढी उलाढाल असलेल्या प्रदेशात ही बाब गौण लेखता येणार नाही.

शेवटचा आक्षेप स्थळाविषयी. भवानी पेठेतील घरात बटाटा टोपलीत वा पोत्यावर, कोरड्या हवेत राहतो, आणि वैशाखात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. इतक्या उष्म्यात श्वसन वाढते, प्राणवायू अपुरा पडून गाभा काळा पडतो. निबंधांतील २० ते २५ अंशांची ‘खोलीतील उष्णता’ आमच्याकडे मार्गशीर्ष-पौषातच भेटते.