निकालपत्रातली समीक्षा

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ ह्या कवितेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१५ रोजी दिलेले निकालपत्र आम्ही दोनदा वाचले. प्रथम वकील म्हणून, नंतर मराठी कवितेचे वाचक म्हणून. वकिलाला ते अभ्यासपूर्ण वाटले. वाचकाला मात्र त्यात एक समीक्षालेख दडलेला दिसला, आणि तो फसला आहे असे आमचे मत झाले.

अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने ही कविता १९८३ साली भित्तिपत्रकाच्या रूपात छापली होती. पुढे १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या अंतर्गत नियतकालिकात ती पुन्हा आली. त्या नियतकालिकाचे नाव ‘बुलेटिन’. म्हणजे आमच्या ह्या त्रैमासिकाचे नात्यातलेच म्हणायचे. पुण्याच्या एका गृहस्थाच्या तक्रारीवरून लातूरच्या गांधी चौक पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. (योगायोगावर आम्ही भाष्य करीत नाही.) आरोप दोन जातींचे होते: समाजात वैमनस्य पसरवणे आणि अश्लीलता. २००१ साली दंडाधिकाऱ्यांनी पहिल्या जातीचे आरोप वगळले. भारतीय दंड संहितेचे कलम २९२, म्हणजे अश्लीलतेचे, तेवढे उरले. तेच कलम वर्षानुवर्षे दिल्लीपर्यंत चढत गेले.

अश्लीलता कशाने मोजावी, ह्याचा आपल्याकडील इतिहास वाचनीय आहे. १८६८ च्या एका इंग्रजी निकालातली कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात उचलून धरली. वाचकांतल्या दुबळ्यातल्या दुबळ्या मनावर काय परिणाम होईल, असा तिचा रोख. ती टाकून समकालीन समाजाची कसोटी स्वीकारायला २०१४ साल उजाडावे लागले. साहित्यिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण पुढच्याच वर्षी, गुर्जरांच्या प्रकरणात, न्यायालयाने तिला एक पुरवणी जोडली: शब्द इतिहासातील वंदनीय व्यक्तीच्या तोंडी घातले असतील, तर हीच कसोटी अधिक कडकपणे लावावी.

आमचा आक्षेप ह्या पुरवणीला आहे. कलम २९२ चा प्रश्न एवढाच, की हा मजकूर कामुक आहे काय, वाचणाऱ्याला तो बिघडवील काय. उच्चार कोणाच्या तोंडी आहे, ह्याने त्या प्रश्नाचे उत्तर बदलू नये. एखादा शब्द रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी असता वासना चाळवत नसेल, तर महात्म्याच्या तोंडी तो एकाएकी का चाळवील? दुखते ते आदराला. परंतु अनादर हा वेगळा विषय आहे, आणि त्याच्या जवळपासचे आरोप २००१ सालीच गळून पडले होते. पुढच्या दाराने गेलेला पाहुणा मागच्या दाराने परत आला आणि पाटावर बसला, असे आम्हाला वाटते.

कायद्याने साहित्याच्या अंगणात पाऊलच टाकू नये, असे संमेलनांच्या मंडपांतून ऐकू येते. तेही आम्हाला पटत नाही. जिवंत माणसाची बदनामी कवितेत केली म्हणून ती बदनामी राहत नाही असे नव्हे. दंगलीची चिथावणी वृत्तात बसवली तरी ती चिथावणीच. आमचे म्हणणे इतकेच, की न्यायालयाने कविता वाचायला घेतलीच तर तिच्यात बोलतो कोण, हे आधी पाहावे. गुर्जरांचा गांधी नव्या नव्या ठिकाणी भेटतो आणि त्या त्या ठिकाणचीच भाषा बोलतो. तो मोहनदास करमचंद नव्हे. ज्याचे नाव सर्वांनी वापरले आणि ज्याला कोणीही आपल्या तोंडाने बोलायला लावले, असा तो गांधी आहे. कविता थोर आहे, असा आमचा दावा नाही. भेटींची यादी लांबते, मध्ये कंटाळाही येतो. पण शिवराळ शब्द तिथे सोडले आहेत ते त्या नावाची झालेली दशा दाखवायला, हे तुकोबांचे फटकारे आणि १९७२ चा ‘गोलपिठा’ पचवलेल्या मराठी वाचकाला सांगावे लागत नाही.

आणि ‘समाज’ म्हणजे कोणता? बऱ्हाणपुरात बसून हा प्रश्न अंमळ जास्तच टोचतो. इथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. बाजारात हिंदी, उर्दू, मराठी, गुजराती एकाच दुकानात चालते. उद्या आमच्या अंकातल्या कवितेवर फिर्याद झाली, तर चालान हिंदीत सादर होईल, कविता भाषांतरात वाचली जाईल, आणि मराठी शिवीचा मराठी कानावर कितपत आघात होतो ह्याचा निवाडा तिच्या हिंदी प्रतिशब्दावरून होईल. १ जुलै २०२४ पासून कलमाचा आकडा बदलून भारतीय न्याय संहितेत २९४ झाला, एवढेच. अडचण तीच आहे.

निकालाचा शेवट वाचताना आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो. प्रकाशकाने खटल्याआधीच, लगतच्या अंकात, बिनशर्त माफी मागितली होती. त्यामुळे तो आणि मुद्रक मोकळे झाले. कवीच्या दोषाबद्दल न्यायालयाने मत दिले नाही, पण कविता छापल्यानंतर एकवीस वर्षांनी त्याला खटल्याला सामोरे जायला सांगितले. वकील म्हणून आम्हाला ह्यात व्यवहार दिसतो. मात्र ह्यातून प्रत्येक लहान नियतकालिकाचा संपादक काय शिकेल, हेही दिसते.

ते आम्ही स्वतःच शिकलो आहोत. मागे आमच्या अंकासाठी एक कविता आली होती. तिच्या सातव्या ओळीत एका थोर पुरुषाचे नाव होते आणि लगेच पुढे एक उघडावाघडा शब्द. संपादकांनी आमचे मत विचारले. आम्ही कलम काढून दाखवले आणि ओळ गाळावी असे सुचवले. कवीने फारशी खळखळ न करता ती गाळली. अंक वेळेवर निघाला, कोणाची तक्रार आली नाही. कविता परवा पुन्हा वाचली. सहाव्या ओळीवरून आठवीवर जाताना ती अडखळते.